रजेपुरता आवाज

शुक्रवारी दुपारी गुणवंत शारजाहून दुबईला निघाला तो अगदी किरकोळ कामासाठी. स्टेशनवर जायचं, आठवड्याच्या गाण्यांची यादी कॉम्प्युटरवर चढवायची आणि जेवायला घरी परतायचं.

जुन्या रॉक गाण्यांचं हे रेडिओ स्टेशन चौऱ्याण्णव साली दोन खोल्यांत सुरू झालं, तेव्हापासून यादी गुणवंतची आणि आवाज अरुणचा. तीन गाणी, मग अरुणचे चार शब्द, मग जाहिराती. रमजानात सगळं हळुवार. पुण्याच्या अरुण पोतनीसला हवेवर ‘ॲरन’ व्हावं लागलं. इंग्रजीखेरीज अक्षर न काढता त्याने नऊ वर्षं ते निभावलं.

मग कॉम्प्युटर आला. अरुणची सगळी निवेदनं एकदाच रेकॉर्ड करून घे, असं मॅनेजरने गुणवंतला सांगितलं. का, ते गुणवंतला पक्कं ठाऊक होतं. दोघांपैकी एकाचाच व्हिसा रिन्यू होणार होता.

“रजेपुरतंच रे,” तो अरुणला म्हणाला. “तू सुट्टीवर गेलास की वाजवायला.”

अरुणने तोंडात लवंग धरून, घसा खरवडून तीनशे बारा निवेदनं दिली. दुसऱ्याच दिवशी त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. खलास. निघताना तो भांडलासुद्धा नाही.

“माझी रजा संपली की कळव,” एवढंच म्हणाला.

दोन महिन्यांत तो पुण्यात हार्ट अटॅकने गेला. श्रोत्यांना कुणी सांगितलं नाही. मेलेला माणूस रोज ‘गुड आफ्टरनून’ म्हणत राहिला. फुकटचा नोकर मिळाल्यावर मॅनेजर कशाला हळहळेल? आणि गुणवंत तरी कुठे हळहळला होता?

स्टुडिओचं कुलूप उघडताच लवंगेचा वास आला. आत कुणी नव्हतं. एसी घरघरत होता. गाणं संपलं आणि स्पीकरमधून अरुण बोलला, पण आवाज जड होता. पुढच्या खेपेला तो घोगरा झाला. त्याच्या पुढच्या खेपेला मध्येच खोकला आला.

रेकॉर्ड केलेला आवाज बसत नाही. गुणवंतला हे कुणी शिकवायला नको होतं.

मॅनेजरला न विचारता त्याने तीनशे बाराच्या तीनशे बारा फाइली पुसल्या. स्क्रीनवर शून्य आलं तेव्हा कुठे तो खाली जाऊन गाडीत बसला.

शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखा जाम. सवयीने त्याने रेडिओ लावला. गाणं संपलं. आता नुसती शांतता यायला हवी होती...

“गुणवंत,” रेडिओतून अरुण म्हणाला. मराठीत. “रजा संपली रे... आता माइकवर तू बस.”

मागून हॉर्न वाजला. त्याच वेळी मोबाइल वाजला. विनिताचा, त्याच्या बायकोचा.

“अहो, कुठे आहात? पानं वाढलीयेत.”

जाममध्ये आहे, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज फुटला नाही. त्याने पुन्हा जोर लावला. तोंडात लवंगेची तिखट चव पसरली.

“हॅलो... ऐकू येतंय ना?” विनिताने विचारलं. फोनमधून घरच्या रेडिओवरचं बोलणं ऐकू येत होतं. तेच बोलणं गाडीतही चालू होतं. “अहो... रेडिओवर तुम्ही कधीपासून बोलायला लागलात?”