कावळ्यांची पाणपोई

पंचशीलाने परेशला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पक्ष्यांचं पाणी ओतून देत होता. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात हा उंच, सावळा माणूस बांबूला टांगलेला एकेक वाडगा सोडवत होता, पाणी वाळूवर उपडं करत होता आणि रिकामा वाडगा जपून पायाशी रचत होता. त्याने शिव्या दिल्या असत्या, आदळआपट केली असती, तर तिला एवढं लागलं नसतं. पण त्याचा तो थंडपणा पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

तसा राग तिच्या नाकावरच असायचा. भाईंदरला नवघरच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, तेही हंगामी. नववी-दहावीच्या मुलांचं सेवा मंडळ तिच्या गळ्यात पडलं होतं आणि सुट्टीतला हा उपक्रम नीट पार पडला तर कायम नेमणुकीचं बघू, असं संस्थेच्या सचिवांनी, उदयसरांनी, दोनदा सूचित केलं होतं. उपक्रमाचं नाव 'मुक्या पाखरांना पाणी'. मुलांनी केबिन रोडच्या बाजारात घासाघीस करून मातीचे वाडगे आणले, घरून दोऱ्या आणल्या. जागा सचिवांनी निवडली, उत्तनच्या अलीकडचा एक लहानसा कोळीवाडा, कारण मागे समुद्र आला की फोटो चांगला येतो. तिथे बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या उभ्याच होत्या. वाडगे टांगायला त्याहून सोयीचं काय असणार?

"दादा, काय चाललंय हे?"

"पाणी ओततोय."

"ते दिसतंय मला. का?"

"तुम्ही ठेवलंत म्हणून." त्याने शेवटच्या वाडग्याकडे हात नेला आणि थांबला. "हा एक ठेवतो. मॅडम, पाच मिनिटं इथे उभ्या राहा. मग मला काय बोलायचं ते बोला."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वलांडीखाली जुन्या जाळ्यावर जवळा पसरला होता, नखाएवढी बारीक कोलंबी, उन्हात गुलाबी पडत चाललेली. एक कावळा उतरला. त्याने चोचभर जवळा उचलला, उडून वाडग्याच्या काठावर बसला, घास पाण्यात नीट बुडवला, मऊ केला आणि गिळला. मग दुसरा आला. मग तिसरा... मुलं खो खो हसायला लागली. पंचशीलाला हसू आलं नाही. कावळा कोरडं खाणं भिजवून खातो, हे तिनेच मार्चमध्ये वर्गात शिकवलं होतं.

"काल दुपारधरनं हेच चाल्लंय," मागून एक बाई म्हणाली. ती परेशची आई, शेवंतीबाई. "आधी कोरडा घास त्यांच्या गल्याखाली उतरत नव्हता, चार दाने खाऊन उडून जायचे. आता पान्याची सोय झाली. सगला गाव जेवायला बोलवलाय मेल्यांनी."

मग पंचशीलाला कळलं ते असं. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर. घरातला पावसाळा या सुक्या मासळीवर निघतो. हे हंगामातले शेवटचे दिवस होते आणि आलेल्या जवळ्याचा बराच भाग एका दिवसात कावळ्यांच्या पोटात गेला होता. सेवा करायला गेले आणि बाईच्या ताटातलंच कावळ्यांना वाढून आले.

ती माफी मागणार, तेवढ्यात शेवंतीबाईने तिला नीट निरखलं. "आडनाव काय गो तुजं?"

हा प्रश्न पंचशीलाने घर भाड्याने बघताना ऐकला होता, शेजारणींकडून ऐकला होता, शाळेच्या स्टाफरूममध्येही ऐकला होता. तो कुठल्या गावाला जातो हे तिला ठाऊक होतं.

"भालेराव. मूळ परभणीचे. बौद्ध आहोत. अजून काही विचारायचंय?"

शेवंतीबाई वाकून जवळा हाताने पसरू लागली. परेश मात्र पंचशीलाकडे बघत राहिला. तिला वाटलं, हाही तसाच... म्हणून तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. पण ते डोळे तिला भाईंदर स्टेशनपर्यंत बसमध्ये सोबत करत राहिले, याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी ती मुलांना घेऊन पुन्हा आली. वाडगे नव्हते, प्रत्येकाच्या हातात एकेक काठी होती. होड्या बंद होईपर्यंत येणारा जवळा वाळून पोत्यात जाईपर्यंत मंडळ राखण करणार, असं तिने जाहीर केलं. हीच आता आपली सेवा. शेवंतीबाईने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एक कावळा उतरला, मिनल नावाच्या नववीतल्या मुलीने 'हाऽऽड' करून आकाश दणाणून सोडलं आणि शेवंतीबाईच्या ओठाचा एक कोपरा हलला.

परेश सकाळी मिरा रोडच्या सोसायट्यांमध्ये ताजी मासळी पोचवायचा. बर्फाची पेटी स्कूटरला बांधून पहाटे निघायचा आणि ऊन चढेपर्यंत परत यायचा. आल्यावर तोही काठी घेऊन बसायचा, पंचशीलापासून चार हात लांब.

"तुमचा कावळ्यांवर बराच वचक आहे, मॅडम."

"माझा सगळ्यांवरच आहे."

"म्हणून तर लांब बसलोय."

ती वळून समुद्राकडे बघायला लागली. हसू दाबायला समुद्र फार उपयोगी पडतो.

एकदा दुपारी शेवंतीबाईने सगळ्यांना चहा पाठवला. मुलांना कागदी कप, पंचशीलाला कागदी कप. परेशच्या हातात स्टीलचा पेला. तिने तो पाहिला. वडील सांगायचे, गावात त्यांच्यासाठी कप वेगळा टांगलेला असायचा, बाहेर, खुंटीला. इथे खुंटी नव्हती एवढंच. तिने चहाला हात लावला नाही.

"गार होतोय," परेश म्हणाला.

"मला कागदी कप का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या कपाकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या पेल्याकडे. समजायला त्याला फार वेळ लागला नाही. एवढ्या जणांना घरात पेले पुरायचे नाहीत, असं तो सहज म्हणू शकला असता आणि ते खरंही असतं. पण तो सबब सांगत बसला नाही. उठला, स्वतःचा पेला तिच्यासमोर धरला आणि तिचा कागदी कप उचलून तोंडाला लावला.

"हा घ्या. दोन घोट प्यायलोय यातून. उष्टा आहे... चालेल?"

पंचशीलाने पेला घेतला आणि रागारागाने सगळा चहा पिऊन टाकला. दारातून शेवंतीबाईने हे पाहिलं आणि आत गेली. आत भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर चार हातांचे दोन हात कधी झाले, हे कावळ्यांनाही कळलं नाही. तो तिला पहाटेच्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचा. ती त्याला दहावीच्या पेपरातली मुलांची अफाट उत्तरं सांगायची. एके दिवशी त्याने हसत हसतच सांगितलं की एका नव्या टॉवरमध्ये वॉचमन त्याला लिफ्टने जाऊ देत नाही, मासळीचा वास राहतो म्हणून. अकराव्या मजल्यावरच्या काकूंना सुरमई हवी असते, तर पेटी डोक्यावर घेऊन जिन्याने चढायचं. वर गेलं की काकू म्हणतात, उशीर झाला.

"आणि तू हसतोस?" पंचशीला ताडकन उभी राहिली. "वासाचं निमित्त आहे रे. आत्ता कोणती सोसायटी ते सांग. मी येते उद्या. बघते तुला लिफ्टमध्ये कोण अडवतंय ते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्यासाठी आजवर कुणी असं उभं राहिलं नसावं.

"आत्ता 'तू' म्हणालीस मला."

"रागात म्हणाले."

"मग... रागावत जा."

ती बसली. कान तापले होते, ऊन होतं म्हणून असेल. जवळ्यावर दोन कावळे येऊन बसले आणि मिनलला पळत यावं लागलं. मॅडम, तुमचं लक्ष कुठे असतं हो हल्ली, असं ती पोरगी जाताजाता म्हणालीच.

रविवारी सचिव आले. बॅनर होता, फोटोग्राफर होता, कडक इस्त्रीची सफारी होती. पाणपोईचं उद्घाटन करायचं होतं आणि एकही वाडगा जागेवर नव्हता. पंचशीलाने त्यांना सगळं शांतपणे समजावलं, निदान तिला तरी ते शांतपणे वाटलं. वाडगे शाळेच्या गच्चीवर टांगू, फोटो तिथे काढू, असंही सुचवलं.

उदयसर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "एका फोटोचा तर प्रश्न आहे, मॅडम. तुमच्या ऑर्डरचंही बघायचंय ना आपल्याला."

ती कायम नेमणुकीची ऑर्डर म्हणजे काय, हे पंचशीलाइतकं कुणाला माहीत होतं? निवृत्तीला आलेले वडील, भाड्याची खोली आणि दर जूनला पुन्हा नव्याने हात जोडणं. पलीकडे शेवंतीबाई जवळ्यावर जुनी साडी पसरत होती. तिने कुणाकडे तक्रार केली नाही, कुणाची विनवणी केली नाही. मोठी माणसं आली की आपलं आपण झाकून घ्यायचं, ही सवय पंचशीलाने आपल्या आईच्या हातांत पाहिली होती.

"नाही सर," ती म्हणाली. "इथे नाही टांगायचे."

सरांनी मग स्वतःच एक वाडगा टांगला. वर पाखरांना आवडतं म्हणून मूठभर शेवही त्यात घातली. हातात तांब्या घेतला, चेहऱ्यावर करुणा आणली आणि फोटोग्राफरला खूण केली. कावळे काय, वाटच बघत होते. पाचसहा जण एकदम उतरले. अर्धे वाडग्यावर, अर्धे साडीच्या कडेने जवळ्यावर. आणि इतक्या दिवसांची सवय, मिनलच्या तोंडून 'हाऽऽड' गेलंच. त्यासरशी सगळं मंडळ काठ्या उगारत बॅनरच्या आरपार धावलं. कावळा सरांच्या टकलावरून गेला, तांब्या सफारीवर सांडला आणि फोटोग्राफर इमानदार माणूस, त्याने नेमका तेव्हाच फोटो काढला.

उदयसर लालबुंद झाले. एकालाही सेवेचं प्रमाणपत्र मिळणार नाही, असं त्यांनी तिथेच सांगितलं. कावळे हाकणं ही काही समाजसेवा नव्हे.

"सर, एक सांगा," पंचशीलाचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "पाखरांना पाणी पाजलं तर सेवा. त्या पाखरांनी ज्या बाईचा पावसाळा खाल्ला, तिच्यासाठी उन्हात बसलं तर ती सेवा नाही. हे मी मुलांना कुठल्या तोंडाने शिकवू? नुकसान आपण केलं. भरून द्यायला ही मुलं रोज आली, कुणी फोटो काढत नसतानाही आली. प्रमाणपत्र नाही दिलंत तर नका देऊ. पण त्यांनी काय केलं, याचं नाव तुम्ही ठरवू नका."

"ऑर्डरचं विसरा मग," सर म्हणाले आणि ओल्या सफारीनिशी गाडीत बसले.

गाडी गेली तशी मिनल म्हणाली, प्रमाणपत्र बाबा कपाटात ठेवणार होते, तेवढी जागा वाचली. सगळी हसली आणि बसची वेळ झाली म्हणून पळाली.

पंचशीला वलांडीला टेकून बसली. परेश आला आणि या वेळी अंतर न ठेवता शेजारी बसला.

"मी आईला सांगितलंय," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्याबद्दल."

"मला न विचारता?" ती फणकारली.

"तुला विचारायचं आणि मग घरच्यांचं बघतो म्हणत झुलवत ठेवायचं, तसलं मला करायचं नव्हतं. म्हणून आधी घरात सांगितलं. आता तुला विचारायला मोकळा आहे."

तिच्या ओठांवर आलेलं भांडण तिथेच अडकलं.

"मग... त्या काय म्हणाल्या?"

"परवापासून बोलत नाही. ताट आपटून वाढते."

"आणि तू?"

"जेवतो."

तिला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. "विचार मग," ती म्हणाली. "नीट विचार."

तो वाळूकडे बघत बोलला. "माझी मासळी आहे, वास राहतो. तुझा राग आहे, तोही राहणार. पण तू इथून उठून गेलीस की मला दिवस संपल्यासारखं वाटतं. मला तू आवडतेस, पंचशीला. माझ्याशी लग्न करशील?"

"हो," ती म्हणाली. मग लगेच, कुणी हिसकावून घेईल की काय अशा घाईने, "पण मी या घरात मान खाली घालून येणार नाही. तुझ्या आईला पटेपर्यंत थांबेन. त्यांच्याशी भांडेन पण."

"ते मी गृहीत धरलंय," परेश म्हणाला आणि त्याने तिचा हात धरला.

पावलं वाजली तरी त्याने हात सोडला नाही. शेवंतीबाई समोर उभी होती, दोन हातांत स्टीलचे दोन पेले. एक तिने मुलाच्या पुढ्यात ठेवला. दुसरा हातात धरून जरा थांबली, आणि मग पंचशीलासमोर ठेवला.

"कागदी कप संपले," ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

उघड्या दारातून पंचशीलाला चुलीशेजारी कागदी कपांची चळत दिसत होती, चांगली हातभर उंच.

"माज्या मनाचं न्हाय हाय हे अजून," शेवंतीबाई पुढे म्हणाली. "पन त्या सायबाला बोललीस ते बरा केलास. उद्या पोरांना घेऊन ये. जवल्याला अजून एक ऊन पायजे."

ती गेली. पंचशीलाने पेला दोन्ही हातांनी उचलला. शेवंतीबाई रागाच्या भरात साखर घालायला विसरली होती. एरवी पंचशीलाने असा चहा ठेवून दिला असता. आज तिने तो तळापर्यंत प्यायला, आणि पेला विसळून द्यायला आपणहून घरात गेली.