हात पाठीमागे

वाचनालयाचं दार ढकलून तो आत आला आणि त्याची लॅपटॉपची पिशवी धप्पकन सिग्नीच्या पायावर पडली.

"अरे देवा... लागलं का हो?"

"मला नाही. लॅपटॉपला विचारा," सिग्नी म्हणाली आणि तिनं वर पाहिलं. झालं! टोपीवर भुरभुर बर्फ, थंडीनं लाल झालेलं नाक, आणि डोळे असे हसरे की पुढे काय बोलायचं तेच ती विसरली.

अमेरिकेतल्या डलूथ या सरोवराकाठच्या शहरातल्या वाचनालयात महिन्यातून एका शनिवारी सिग्नी आणि इतर लिनक्सवाले जमतात. नवी प्रणाली न पेलणाऱ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर लिनक्स ही हलकी प्रणाली चढवून देतात, तेही फुकट. नियम मात्र कडक. शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, कीबोर्डला बोटही लावायचं नाही. नवख्यानं सगळं स्वतःच दाबायचं, नाहीतर घरी गेल्यावर बोंब! नियम मोडणाऱ्यानं पुढच्या खेपेला सगळ्यांना डोनट आणायचे. गटातला म्हातारा वॉल्ट त्यावर घारीसारखी नजर ठेवून असतो.

"मी एमेट," तो खुर्चीत बसत म्हणाला. "सरोवराच्या बर्फाचे आवाज गोळा करतो."

"बर्फाला कसला आलाय आवाज?"

"काय सांगता! डलूथच्या ना तुम्ही? अहो, तडकतो, कण्हतो... कधी चक्क शीळ घालतो. पुढच्या आठवड्यात रेडिओवर कार्यक्रम आहे माझा, आणि हे लॅपटॉप महाशय सुरू व्हायलाच अर्धा तास घेतात."

"आवाज कुठे ठेवलेत?"

त्यानं लॅपटॉपला जोडलेली छोटी डिस्क दाखवली. "तीन हिवाळे आहेत यात."

"आणि दुसरी प्रत?"

"दुसरी...?" तो ओशाळला.

"धन्य आहे!" सिग्नी म्हणाली. खरं तर ती डिस्क आधी काढायला लावायची, हा तिचा पहिला धडा. झोपेतून उठवलं तरी ती म्हणून दाखवेल. पण तेवढ्यात तो हसला... आणि धडा गेला वाऱ्यावर.

"बरं, पेनड्राइव्हवरून सुरू करा. आता भाषा निवडा."

"तुम्ही नाही दाबणार?"

"मला मनाई आहे."

"म्हणजे नुसतं माझ्याकडे बघत उभं राहणार?"

"स्क्रीनकडे!"

"मग मघापासून स्क्रीन माझ्या कानावर आहे वाटतं..."

तिचे गाल तापले. जीव हरखत होता, आणि आत कुठेतरी खट्टूही होत होता. इथला रिवाजच उलटा. काम चांगलं झालं की माणूस पुन्हा फिरकत नाही. हाही जाईल, लॅपटॉप काखेत मारून.

"सगळं पुसायचं का विचारतोय," एमेट म्हणाला. "दोन डिस्क दिसतायत. मोठी निवडली हं! 'यानंतर मागे फिरता येणार नाही, नक्की?' म्हणतोय. नक्की!"

मोठी...? सिग्नीनं स्क्रीनकडे पाहिलं. मोठी म्हणजे ती जोडलेली! तीन हिवाळे!

त्याचं बोट खाली येत होतं. "थांब!" ती किंचाळली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. घट्ट.

सगळं वाचनालय वळून बघायला लागलं. एमेटनं स्क्रीन पाहिली, डिस्क पाहिली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझी चूक," सिग्नी म्हणाली. "ती आधी काढायला सांगायची होती मी. माझं... लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

तिनं त्याचा हात अजून धरलेलाच होता.

"डोनट!" वॉल्ट ओरडला. "कीबोर्डला हात लावला!"

"कीबोर्डला कुठे? माझ्या हाताला लावलाय," एमेट म्हणाला. "त्याला नियम आहे का?"

वॉल्टनं डोकं खाजवलं. "नाही बुवा. त्याला नाही."

डिस्क काढली. आधी तिची दुसरी प्रत झाली, मग लिनक्स चढलं. म्हातारा लॅपटॉप तरण्या पोरासारखा टुणकन उठला. एमेटनं इअरफोनचं एक टोक तिला दिलं, एक स्वतःच्या कानाला लावलं. खोलवरून एक लांब, थरथरती शीळ आली. सिग्नी डोळे मिटून ऐकत राहिली. इतकी वर्षं या सरोवराकाठी राहून तिला हे ठाऊकच नव्हतं!

"झालं," ती इअरफोन परत देत म्हणाली. "आता माझी गरज नाही तुम्हाला."

त्यानं सामान आवरलं आणि तो निघाला. सिग्नी उगीच वायर गुंडाळत बसली. जा म्हणावं! इतकं वाईट वाटायचं कारणच काय?

बाहेर पडली, तर तो पायरीवर उभा. हात पाठीमागे बांधलेले.

"मघाशी 'थांब' म्हणालीस ना? मग थांबलोय. किनाऱ्यावर चाललोय, बर्फ ऐकायला. येतेस?"

"मी... मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणजे आज तू नवखी. मला मनाई आहे हात लावायची. जे करायचं ते तूच करायचं." तो हसला. "आणि आधीच सांगतो... यानंतर मागे फिरता येणार नाही. नक्की?"

सिग्नीनं हातमोजा काढला, त्याच्या पाठीमागे हात नेला आणि त्याची गार बोटं आपल्या मुठीत घेतली.

"नक्की," ती म्हणाली.