सुधारित अंदाज, आठ चाळीस

त्याची माझी पहिली भेट झाली ती एका वादळामुळे, आणि ते वादळ त्यानेच आणलं होतं. चहाच्या कपातून.

आमच्या छोट्या विमानतळावर सकाळचा हवामानाचा नकाशा मी हाताने रंगवते. छापून येतो तो नुसता रेघांचा गुंता. त्यातली गार हवेची रेघ निळी, उबदार हवेची तांबडी, आणि हवेच्या दाबाच्या रेघा शिसपेन्सिलीने, एकीचा धक्का दुसरीला लागू न देता. त्या दिवशी नकाशा टेबलावर ठेवून मी फोन घ्यायला गेले. परत येते तो नकाशा फलकावर लागलेला, आणि समोर पिकांवरच्या फवारणीच्या विमानाचा म्हातारा वैमानिक कपाळाला आठ्या घालून उभा.

"हवामानबाई, तळ्यावर हे एवढं गोल काय बसलंय? मी आजचं उड्डाण रद्द करतो."

धावपट्टीशेजारच्या तळ्याच्या बरोबर वर एक तपकिरी, ओलसर, घट्ट मिटलेलं वर्तुळ होतं. मी बोट लावलं. चिकट लागलं.

मागून हळूच आवाज आला, "ते... माझं आहे. कप टेकवायला दुसरी सपाट जागाच नव्हती. म्हटलं, भिंतीवर लावला की वाळेल."

वळून पाहिलं. उंच, हडकुळा, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या, आणि हातात तोच कप. ओशाळं हसू सावरता सावरत नव्हतं. मला हसायचं नव्हतं, म्हणून मी जास्तच चिडले.

"तुम्ही कोण?"

"मला इथे तिसरी खेप म्हणतात," तो म्हणाला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विमानविद्यालयातला हा तोच. विमान असं उतरवतो की चाकांनाही कळू नये, आणि हवामानाच्या परीक्षेत दोनदा आडवा पडलेला. तिसऱ्यांदा नापास झाला की नाव कटणार, परवाना नाही, वैमानिक होणं नाही.

दुपारी मोठे कॅप्टन, म्हणजे विद्यालयाचे प्रमुख, माझ्या खोलीत आले. "पोरी, त्याला तीन आठवड्यांत शिकव."

"कॅप्टन, त्याने माझ्या नकाशावर चहा सांडलाय."

"म्हणूनच म्हणतो. निदान नकाशाजवळ तरी आला."

असा तो माझ्या गळ्यात पडला.

पहिल्याच दिवशी मी चिठ्ठी पाठवली, 'उद्या ०३ वाजता, हवामान कक्ष.' आमच्या खात्यात सगळं जगाच्या घड्याळाने लिहितात, आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सकाळी साडेआठला मी किल्ली घेऊन आले, तर दाराबाहेरच्या बाकावर तो अंगाची घडी करून झोपलेला. पहाटे तीनपासून.

"प्रत्येक हवामानपत्रावर वेळ जगाची असते," मी म्हणाले. "हा पहिलाच धडा आहे पुस्तकातला."

"मला वाटलं, तुम्ही शिस्तीच्या आहात."

"आणि मी आले नाही तेव्हा काय वाटलं?"

"वाटलं... शिस्तीच्या नाहीत, पण बघायला येतीलच."

त्याला चहा द्यावा लागला. माझ्या वाटणीचा.

मग रोज सकाळी एक तास. वाऱ्याची खूण त्याला उलटीच दिसायची. नकाशावर गावाचं टिंब असतं, टिंबातून काडी निघते, काडीच्या टोकाला पिसं. पिसांकडून वारा येतो. त्याच्या मते पिसांकडे जातो. सलग चार दिवस तो मनातल्या मनात विमान घेऊन वाऱ्याच्या उलट्या अंगाने उतरत राहिला आणि मी वैतागत राहिले. शेवटी लहान मुलाला शिकवावं तसं कवन करून दिलं:

*पिसं जिथं, तिथनं वारा,*
*टिंब म्हणजे त्याचा थारा.*

"पुन्हा म्हणा ना," तो म्हणाला.

"पाठ झालं नाही?"

"झालं. पण तुम्ही म्हणता तेव्हा कपाळावरची आठी जाते."

मी आठी परत आणली.

टक्केवारीवरून तर रोजच जुंपायची. "गडगडाटाची शक्यता तीस टक्के," तो वाचायचा. "बाई, मी तीस टक्के विमान जमिनीवर ठेवू का? जाऊ की नको, एवढं एकच सांगा ना."

"ते मी सांगत नाही. मी आभाळ सांगते. जायचं की नाही हे वैमानिकाने ठरवायचं. म्हणून तर परीक्षा तुमची आहे, माझी नाही."

"तुमचं सगळंच असं. कधी ढगाळ, कधी अंशतः."

"आणि तुमचं?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझं केव्हापासूनच निरभ्र आहे."

मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक होतंच. तरी केलं, मोडलं, पुन्हा केलं.

एकदा त्याला मैदानातल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीपाशी नेलं. आत शेजारी शेजारी दोन तापमापक, एक कोरडा, एक ओल्या कापडात गुंडाळलेला. "दोघांच्या आकड्यांत अंतर असलं की हवा कोरडी. अंतर सरत आलं आणि तळ्याकडून वारा फिरला, की धुकं. मग मी काहीही लिहिलेलं असो." तो वाकून आकडे वाचत होता. पेटीचं दार लहान, डोकी दोन. त्याच्या केसांना दवाचा वास येत होता. मला स्वतःचाच राग आला.

घरी आई म्हणाली, "रोज त्याच्यावर चिडून येतेस, आणि जेवताना दुसरा विषय नाही. बोलावून घे एकदा, निदान मलाही चिडता येईल."

परीक्षा तोंडी होती, आमच्याच कक्षात, सकाळी आठला. मी पहाटेपासून कामावर. सहाच्या, म्हणजे अंदाजाआधीच्या शेवटच्या, आकड्यांची वेळ झाली तेव्हा मी वहीपाशी बसले होते, पण कान दाराकडे... तो आला का, काही खाल्लं का, कवन विसरला तर नाही. आकडे लिहिले, अंदाज केला: आभाळ मोकळं, दृश्यता उत्तम, दुपारपर्यंत बदल नाही. फलकावर लावून टाकला.

परीक्षक आले. करड्या मिशांचे, कमी बोलणारे. मोठे कॅप्टन दाराशी उभे. तो आला तो बुटांना चिखल घेऊनच. परीक्षकांनी दाब विचारला, ढग विचारले, वाऱ्याची काडी दाखवली. त्याचे ओठ किंचित हलले आणि उत्तर बरोबर आलं. मी टेबलाखाली मूठ आवळली.

मग परीक्षकांनी माझा अंदाज त्याच्या हातात दिला. "हे आजचं पत्रक. नऊ वाजता तुम्हाला एकट्याने निघायचंय. निघाल?"

यापेक्षा सोपा प्रश्न नव्हता. कागद वाचायचा आणि हो म्हणायचं.

त्याने कागद वाचला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा कागद वाचला.

"नाही, सर."

मोठ्या कॅप्टनांनी डोळे मिटले.

"पत्रकात धुकं कुठे आहे?"

"पत्रकात नाही, सर. मी येताना पेटी उघडून पाहिली. दोन आकड्यांत एकाच अंशाचं अंतर उरलंय. वाराही तळ्याकडून लागायला लागलाय. अर्ध्या तासात धुकं येईल."

"म्हणजे हवामान अधिकारी चुकल्या?"

त्याच्या कानांच्या पाळ्या पहिल्या दिवशीसारख्या लाल झाल्या. "त्या चुकत नाहीत, सर. पण मी... मी निघणार नाही."

मला संताप आला. तीन आठवडे घासून घासून शिकवलं ते माझ्याच खोलीत, परक्या माणसापुढे, माझंच पत्रक खोटं पाडायला? त्याच संतापात मी सकाळची वही ओढली, म्हटलं आता दाखवतेच. पाचच्या रकान्यात चार अंशांचं अंतर. सहाच्या रकान्यात चार. तेच आकडे, दशांशासकट तेच. सहाला मी पेटीपाशी गेलेच नव्हते. वरची ओळ खाली उतरवली होती.

वही मिटली असती तर कुणालाच कळलं नसतं. परीक्षकांनी पेन हातात घेतलं होतं. गुणपत्रकावर त्याच्या नावापुढची जागा अजून रिकामी होती.

मी उठले. "साहेब, पत्रक चुकलंय. सहाचे आकडे मी घेतलेच नाहीत. पाचचेच पुन्हा लिहिले. यांचं उत्तर बरोबर आहे."

परीक्षकांनी गुणपत्रक उचललं. मग उठून खिडकीशी गेले. तळ्याच्या बाजूने पांढरं काहीतरी सरपटत येत होतं. आधी कुंपण गेलं, मग वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी, मग धावपट्टीचं दूरचं टोक.

"पास," ते म्हणाले, आणि पेन टेकवलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सुधारित अंदाज काढा. कारणासकट. वर, मुख्य कार्यालयात, जाईल तो." आणि आपल्या परतीच्या विमानाचं काय म्हणून विचारायला मोठ्या कॅप्टनांना घेऊन निघून गेले.

खोलीत आम्ही दोघं.

"रागावलात?"

"खूप."

"मला दोनदा नापास होताना वाटली नव्हती तेवढी भीती वाटली," तो म्हणाला. "हो म्हणणार होतो. मग वाटलं, या बाईंकडे मी तीन आठवडे काय शिकलो..."

"गप्प बस जरा. मला लिहू दे."

तुमचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं.

मी कोरं पत्रक पुढे घेतलं. सुधारित अंदाज, आठ वाजून चाळीस मिनिटं. त्याने बोटावर मोजून शेजारी जगाची वेळ सांगितली, ती बरोबर होती. दाट धुकं, दृश्यता दोनशे मीटर. शेवटचा रकाना, 'चुकीचं कारण'. मी लिहिलं, 'निरीक्षकाचं लक्ष विचलित.'

त्याने मान वाकडी करून वाचलं. "कशामुळे?"

"रकान्यात जागा नाही."

"मागची बाजू कोरी आहे."

मी कागद उलटला. चार शब्द लिहिले, खोडणार होते, खोडले नाहीत. कागद त्याच्याकडे सरकवला आणि तो वाचेपर्यंत खिडकीतून बघत राहिले. खिडकीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

कागद खाली ठेवून तो म्हणाला, "हे खरंच वर जाणार?"

"एक प्रत जाते."

"मग साक्षीदाराची सही लागेल."

त्याने माझी पेन्सिल घेतली, कागद सुलटा केला, खुर्ची ओढून अगदी शेजारी बसला आणि सावकाश, जपून सही केली. चुकीच्या रकान्यात, 'लक्ष विचलित'च्या शेजारी.