बरणीतला म्हातारबा

"आधी मनोरा, मग पवनचक्की, मग होडी. आणि मध्ये जिथे भूक लागेल तिथे खाणं," भिंगरीनं पाठीला पिशवी अडकवत जाहीर केलं.

"मला आत्ताच लागलीय," शेपूट म्हणाला.

"तुला झोपेतसुद्धा लागते."

भिंगरी बारा वर्षांची. तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून भिंगरी. धाकटा भाऊ ती जाईल तिथे मागोमाग, म्हणून शेपूट. त्यांचं घर बेकरीच्या वर होतं, त्यामुळे सकाळी गजर लावायची गरज नसे. भाजलेल्या ब्रेडचा वास जिना चढून वर आला की डोळे आपोआप उघडत.

सुट्टीतला हा शनिवार-रविवार भिंगरीनं कधीपासून राखून ठेवला होता, कारण मैना येणार होती. मैना तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. पूर्वी शेजारीच राहायची, आता दूरच्या मोठ्या शहरात. काल संध्याकाळी ती, तिचा मोठा भाऊ आणि तिचे पप्पा गाडीनं आले होते. भावाला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण विचारलं नाही तरी तो समजावून सांगे. आणि मैनेचे पप्पा म्हणजे काका. भिंगरीचे बाबा आणि काका लहानपणापासूनचे दोस्त. दोघंही भिंगरीच्या आजोबांच्या हाताखाली, एकाच टेबलावर, पीठ मळायला शिकले होते. आजोबा गेले, बाबांनी बेकरी चालवली. काकांनी शहरात काचेच्या दारांची ब्रेडची मोठमोठी दुकानं काढली.

नाश्त्याच्या वेळी शेपटानं पाहुण्यांना भट्टीच्या खोलीत नेऊन कोपऱ्यातला दगडी कोनाडा दाखवला. तिथं एक जाडजूड बरणी होती. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं.

"हा म्हातारबा. बाबापेक्षा मोठा आहे," शेपूट म्हणाला.

"ब्रेड फुगवायचं खमीर आहे ते," बाबा हसून म्हणाले. "माझ्या आजीनं लावलेलं. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला पीठ आणि पाणी खाऊ घालायचं, थंड जागी ठेवायचं. आमच्या ब्रेडची सगळी चव त्याच्यात आहे."

"अजून तेच वापरतोस?" काकांनी विचारलं. ते बरणीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मुलांनो, तुम्ही या फिरून. मी आज नुसता लोळणार आहे. दुकानांच्या कटकटीनं जीव नकोसा झालाय."

बाबा पहाटेपासून राबून दुपारी गाढ झोपत, आणि आई पुढच्या गल्ल्यावर असे. त्यामुळे काकांना भरपूर शांतता मिळणार होती.

दिवस मोठा मजेत गेला. मनोऱ्याच्या गोल जिन्यावर प्रोफेसरनं घड्याळाची चाकं कशी फिरतात ते समजावलं, आणि वर पोचेपर्यंत त्याचाच दम गेला. पवनचक्कीपाशी शेपटानं तीन आइस्क्रीमं खाल्ली आणि चौथं मागितलं. होडीत मैनेनं वल्हं हातात घेतलं आणि होडी जागच्या जागी गरागरा फिरायला लागली.

"तुझंच नाव भिंगरी ठेवायला हवं होतं," भिंगरी म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

ऊन उतरायला लागलं तसं भिंगरी म्हणाली, "चला घरी. आई सूप करणार आहे."

"एवढ्यात?" मैना म्हणाली. "अजून एक फेरी मारू ना होडीची."

फेरी झाल्यावर मैनेला पुलापलीकडची बाग बघायची होती. बाग झाल्यावर परत मनोऱ्यापाशी फोटो काढायचा होता. शेपूट कुरकुरला, पण भिंगरीला गंमत वाटली. आपलं गाव मैनेला इतकं आवडलंय म्हणून तिला अगदी भरून आलं. आपणच हे गाव बांधल्यासारखी ती एकेक गल्ली दाखवत सुटली.

रात्रीच्या जेवणाला गप्पांना ऊत आला. बाबा आणि काका जुन्या आठवणी काढून हसत होते. आजोबांनी एकदा काकांच्या डोक्यावर पिठाची परात कशी उपडी केली होती, ते काकांनी उभं राहून करून दाखवलं. मग बाबा खाली जाऊन दुसऱ्या दिवशीचं पीठ भिजवून आले.

"म्हातारबा आज जरा मलूल वाटतोय," ते हात पुसत म्हणाले. "उन्हाळा सोसत नसेल."

रविवारी सकाळी भिंगरीला जाग आली ती उन्हानं. वास आलाच नव्हता.

ती धावत खाली गेली. भट्टी पेटलेली होती, पण टेबलावर पिठाचे गोळे काल ठेवले तसेच चपटे बसले होते. बाबा स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. त्यांना असं रिकाम्या हातांनी बसलेलं भिंगरीनं कधीच पाहिलं नव्हतं.

"फुगलंच नाही," ते म्हणाले. "म्हातारबा गेला."

एव्हाना बाकीचे तिघेही डोळे चोळत खाली आले होते.

"बाजारातलं यीस्ट वापरता येईल की," प्रोफेसर हळूच म्हणाला.

"येईल. ब्रेड होईल. आपला नाही होणार."

पुढे आई गिऱ्हाइकांना परत पाठवत होती. रविवारची सगळ्यात मोठी रांग. "आज नाही हो. नाही, उद्याचं सांगता येत नाही," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि दर वेळी तिचा आवाज आणखी बारीक होत होता.

बाबा पुढे गेल्यावर भिंगरीनं बरणी कोनाड्यातून बाहेर काढली.

"हे बघा," ती म्हणाली. "बाबा फडक्याला सुरगाठ मारतो. एक टोक ओढलं की सुटते. ही करकचून मारलेली गाठ आहे. काल रात्री बाबानं ती कशीबशी ढिली करून फडकं सरकवलेलं दिसतंय."

प्रोफेसरनं आत नाक घातलं. "शिजल्याचा वास येतोय. बघ, तळाशी चक्क थर जमलाय. नुसत्या उन्हाळ्यानं एवढं नाही होणार. याला कुणीतरी गरम जागी ठेवलं होतं."

शेपूट तोवर स्टुलावर चढला होता. "इथे ठेवलं होतं," त्यानं भट्टीच्या माथ्याकडे बोट दाखवलं. तिथल्या काजळीवर एक गोल उमटला होता, आणि त्याच्या कडेला सुकलेल्या खमिराचा ओघळ. भिंगरीनं बरणी टेकवून पाहिली. गोल तंतोतंत जुळला.

"म्हणजे कुणीतरी बरणी काढली, तिथे ठेवली, विसरलं, आणि मग गुपचूप जागेवर ठेवून दिली," भिंगरी म्हणाली. "पण काल दुपारी तर बाबा झोपला होता, आई पुढे होती, आणि आपण सगळे…"

"घरात काका होते," शेपूट म्हणाला.

भिंगरीनं मैनेकडे पाहिलं. मैनेचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"मैने, काय झालं?"

"पप्पांनी मला सांगितलं होतं," मैना अगदी हळू म्हणाली, "की संध्याकाळ होईपर्यंत सगळ्यांना बाहेरच ठेव. तुझ्या बाबांसाठी काहीतरी गंमत करायचीय म्हणाले. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

"म्हणून ती जास्तीची फेरी?"

मैनेनं मान हलवली.

"आणि बाग? आणि फोटो?"

"मला खरंच वाटलं गंमत आहे."

"मला वाटलं तुला माझं गाव आवडलं," भिंगरी म्हणाली. कालचा सगळा दिवस, ते पोट धरून हसणंसुद्धा, कुणीतरी हातातून हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. "तू मला हातातल्या बाहुलीसारखं फिरवलंस."

"मलाही तसंच फिरवलं," मैना म्हणाली आणि भट्टीकडे तोंड करून उभी राहिली.

प्रोफेसर बराच वेळ चष्मा पुसत होता. शेवटी तो म्हणाला, "गाडीच्या डिकीत एक थंड पेटी आहे. काल रात्री पप्पा म्हणाले, त्यात औषधं आहेत, हात लावायचा नाही. पण परवा येताना त्यात औषधं नव्हती. आमचे सँडविच त्यातच होते." त्यानं चष्मा घातला. "त्यांना म्हातारबाला मारायचं नसणार. थोडा काढून घ्यायचा असणार. बाकीचा निष्काळजीपणानं मेला."

"म्हणजे पेटीतला जिवंत आहे?" शेपटानं विचारलं.

भिंगरी धावतच बाबांकडे गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. बाबांनी शांतपणे ऐकलं, पण त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"भिंगरे, तो माझा मित्र आहे. गाठीवरून आणि डागावरून मी त्याला चोर म्हणू? तो इतक्या वर्षांनी माझ्या घरी जेवायला आलाय. त्याच्या सामानाला कुणीही हात लावायचा नाही. कळलं?"

वरच्या मजल्यावर काकांची आवराआवर चालू झाली होती. दुपारचं जेवण करून निघायचं ठरलं होतं, पण आता त्यांना अचानक घाई झाली होती.

"हात लावायचा नाही," परत आल्यावर भिंगरी म्हणाली. "आणि ते आत्ता निघतायत."

"मग त्यांनाच लावू दे," मैना म्हणाली. ती अजून पाठमोरीच होती. "पप्पांना घाबरवलं की ते आधी जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची असेल तिकडे धावतात. एकदा घरात धूर झाला तेव्हा ते आमच्याआधी टीव्हीकडे धावले होते."

भिंगरीनं तिच्याकडे पाहिलं. राग जागचा हलला नव्हता. पण मैनेला हे बोलायला किती जड गेलं असेल, ते तिला दिसत होतं. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण कोण घाबरवणार?"

तिघांनी शेपटाकडे पाहिलं.

गाडी बेकरीसमोर उन्हात उभी होती. काका बाबांच्या खांद्यावर हात टाकून सांगत होते, "वाईट वाटतं रे. पण जुन्या वस्तू कधी ना कधी जायच्याच. तू आता यीस्टवरच ये." आई बाजूला उभी होती. बाबा मान हलवत होते.

तेवढ्यात शेपूट गाडीच्या मागून आला. "काका, तुमच्या गाडीतून फस्स फस्स आवाज येतोय. आणि काहीतरी पांढरं गळतंय."

खरं तर काहीच गळत नव्हतं. दुसरं कुणी असतं तर चाकं पाहिली असती, इंजिन पाहिलं असतं. काकांनी चाकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाबांच्या खांद्यावरचा हात काढून ते थेट डिकीकडे धावले, ती उघडली, पेटीचं झाकण काढलं आणि आतला डबा बाहेर घेतला. डब्याचं झाकण घट्ट लावलेलं होतं, आणि पेटीतला बर्फ केव्हाच वितळला होता. त्यांनी झाकण जरासं फिरवलं मात्र, खमीर खरोखरच फस्सकन वर आलं आणि त्यांच्या बोटांवरून, मनगटावरून, घड्याळावरून ओघळायला लागलं.

आंबूस, गोडसर वास पसरला. तो वास बाबांनी ओळखला नसता तर दुसऱ्या कुणी ओळखायचा?

"म्हातारबा," शेपूट म्हणाला.

काका एकदम बोलायला लागले. "थोडंसंच घेतलं रे. डबा भरताना भट्टीवर बरणी ठेवली आणि तेवढ्यात एक फोन आला. विसरलो. मी मुद्दाम नाही केलं."

"सकाळी मला सांगता आलं असतं," बाबा म्हणाले. "मी तिथे बसलो होतो. तू माझ्या शेजारी चहा प्यायलास."

काकांनी खाली पाहिलं.

"कशाला हवं होतं?" आईनं विचारलं.

उत्तर प्रोफेसरनं दिलं. "पुढच्या आठवड्यात नवीन दुकान उघडतंय. पाटीवर लिहिलंय, 'आमच्या तीन पिढ्यांची चव'."

"कुणाच्या तीन पिढ्या?" आईनं विचारलं.

बाबा पुढे झाले आणि त्यांनी काकांच्या हातातून डबा घेतला, तान्ह्या मुलाला घ्यावं तसा, खालून हात लावून. "मागितलं असतंस," ते म्हणाले, "तर मी स्वतः भरून दिलं असतं. हात धुऊन दिलं असतं." एवढंच बोलून ते आत गेले. ते ओरडले नाहीत, आणि भिंगरीला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

गाडी निघायच्या आधी ते एकदा बाहेर आले. हातात एक छोटी वाटी होती, वर फडकं. ती त्यांनी काकांकडे नाही, मैनेकडे धरली.

"नको," मैना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला हवं असेल तेव्हा मी येऊन मागेन."

भिंगरी दारात उभी होती. गाडी वळली तेव्हा मैनेनं काचेला हात टेकवला. भिंगरीनं हात वर केला नाही.

म्हातारबानं मंगळवारी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. बाबांनी त्याला इतकं जपून खाऊ घातलं होतं की शेपटाला हेवा वाटला. बुधवारी ब्रेडचा वास जिना चढून वर आला आणि रस्त्यावर रांग लागली. आईनं जो येईल त्याला गोष्ट सांगितली. रांगेतल्या मास्तरांनी शेपटाची पाठ थोपटली. पोस्टमनकाकू म्हणाल्या, "सामानाला हात न लावता चोरी पकडली, म्हणजे कमाल केलीत पोरांनो." बाबांनी पहिला गरम ब्रेड भिंगरीच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मी तुझं ऐकायला हवं होतं. तुझं बरोबर होतं, मी त्याच्यावर विश्वास ठेवून बसलो."

भिंगरीला हे ऐकून खूप आनंद व्हायला हवा होता. थोडासा झालाही.

"तू काकांशी परत बोलशील?" तिनं विचारलं.

बाबा टेबल पुसायला लागले. "माहीत नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं त्याला काय सांगायचं असेल ते मी पटकन सांगून टाकायचो. आता सुचत नाही. पण तू मैनेशी बोल."

"तिनं मला सांगितलं नाही, बाबा."

"हो. तेच तिला सांग."

भिंगरी वर गेली. फोन हातात घेऊन ती खिडकीत बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी तिनं नंबर लावला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत पलीकडून फोन उचलला गेला.

"मी रागावलेय," भिंगरी म्हणाली.

"माहीत आहे."

"खूप."

"माहीत आहे. पण फोन ठेवू नकोस."

भिंगरीनं ठेवला नाही.