भट्टीसाठी पेरलेलं पाणी

उजनी धरणाच्या फुगवट्यात पोपट नगरे कोयत्याने जलपर्णी तोडत होता. त्याची बायको शेवंता होडी सांभाळत पुन्हा पुन्हा मागे पाहत होती, कारण जलपर्णी तोडणं आता चोरी ठरत होतं.

हीच जलपर्णी कोणीतरी काढून न्यावी म्हणून इथल्या भोयांनी एके काळी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. मग काठावर एका कंपनीची जलभट्टी आली. तिला वाळवलेला पाला लागत नसे. ओला पाला त्याच्यातल्या पाण्यासकट प्रचंड दाबाखाली तापवला, की त्याचं काळं तेल होई आणि खाली बारीक कोळसा उरे. तेलावर एसटी गाड्या धावू लागल्या, कोळसा बॅटरीच्या कारखान्यांना जाऊ लागला. भट्टीची भूक वाढली तसं कंपनीने सरकारकडून सगळं पाणी ठेक्याने घेतलं आणि प्रयोगशाळेत तयार केलेलं, झपाट्याने पसरणारं वाण पाण्यात सोडलं. पानांचा थर इतका दाट झाला की खालचं पाणी गुदमरलं आणि मासे पोट वर करून मरू लागले.

"एवढी वाट झाली की जाळं टाकू," पोपट म्हणाला.

तेवढ्यात कंपनीच्या रखवालदारांची मोटरबोट पाला चिरत आली. पुढे मुकादम उभा होता. बोट चालवत होता पोपटचा धाकटा भाऊ हणमंत. एरवी तो भट्टी सांभाळायचा; आज बोटीवर माणूस कमी होता.

"कोयता टाक," मुकादम म्हणाला.

"पाणी आमचं हाय."

मुकादमाने हातातला बांबू फिरवला. तो पोपटच्या कानशिलावर बसला आणि पोपट पाण्यात कोसळला. पानं बाजूला झाली आणि लगेच मिटली. मग एका जागी पाला खालून उचलला गेला, थोड्या अंतरावर पुन्हा उचलला गेला. पोपट खालून हात मारत होता, त्याला वाट सापडत नव्हती.

शेवंता होडीत पडलेला कोयता घेऊन पाल्यावर तुटून पडली. मुकादमाने होडीत उतरून तिचं मनगट धरलं. तिने हात हिसडला आणि कोयता त्याच्या दंडात हाडापर्यंत घातला. हणमंतने केव्हाच उडी टाकली होती. त्याने भावाला वर ओढून काढलं तेव्हा पोपटच्या नाकातोंडात मुळ्या गेल्या होत्या आणि छाती हलत नव्हती.

दुपारी सगळी भोईआळी कोयते आणि वल्ही घेऊन भट्टीवर चालून गेली. फाटकावर गोळ्या सुटल्या, दोघे जण जागीच पडले. त्यांना ओलांडून लोक आत घुसले. शेवंता सगळ्यांच्या पुढे होती. भट्टीपाशी हणमंत ओल्या कपड्यांनिशी उभा होता.

"वैनी, मागं सरा. हितली वाफ माणूस शिजवते."

"मग सोड ती."

"सोडतो. पण ही थंड पडली की आतलं तेल डांबरासारखं घट्ट व्हतंय. परत सुरू व्हायची न्हाई."

"तेच पायजे मला."

"आन् ते नवं वाण? ते रोज वाढतंय. ते खाणारं ह्या भट्टीबिगर दुसरं कायबी न्हाई."

 शेवंताच्या लुगड्यावरचं रक्त अजून ओलं होतं. हणमंतने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी झडपेचं तापलेलं चाक फिरवलं. वाफ गर्जत बाहेर पडली. चाक पुरतं फिरेपर्यंत त्याने हात सोडले नाहीत. सोडले तेव्हा तळव्यांची कातडी चाकालाच राहिली होती.

अटकेतली शेवंता काही आठवड्यांनी जामिनावर सुटून गावी आली तेव्हा पाणी कुठे दिसेना. पानं घाटाच्या पायऱ्या चढून देवळाच्या ओट्याला लागली होती. होड्या हिरवळीत रुतल्या होत्या. शेतीचे पंप मुळ्या अडकून बंद पडले होते आणि नळाला येणाऱ्या पाण्याला कुजका वास होता. पलीकडच्या गावात हंडाभर पाण्यावरून डोकी फुटली होती.

हणमंत दारात बसून होता. पट्ट्या बांधलेले हात त्याने मांडीवर ठेवले होते.

"कंपनी नवी भट्टी बांधतीय," तो म्हणाला. "हातानं काम न्हाई व्हायचं माझ्याच्यानं. पण भट्टी जाणणारं दुसरं कोण न्हाई, नुसतं सांगायला या म्हणत्यात. पाणी त्यांचंच राहील, ते आपण मान्य करायचं, अशी अट हाय."

शेवंता उंबऱ्यावर बसली.

"वैनी," त्याने विचारलं, "जाऊ का?"