नऊ क्रमांकाचे निरोप

लोइस टॅकेट आणि एमिल होर्वाथ पहिल्यांदा समोरासमोर आले ते प्रिंटरपाशी. दोघांचे कागद एकाच लांबलचक पट्टीतून बाहेर आले होते, आणि तिनं ते नेमके चुकीच्या जागी फाडले.

"तुझं अर्धं काम माझ्याकडे आलंय," ती म्हणाली. तो नुसता हसला.

कोलंबसमधल्या त्या टेलिफोन कंपनीत एमिलचा प्रोग्राम बिघडलेल्या फोनच्या तक्रारी घ्यायचा आणि लोइसचा त्या दुरुस्तीवाल्यांना वाटून द्यायचा. मधे, यंत्राच्या आत, निरोपांची एक रांग होती. त्याचा प्रोग्राम निरोप रांगेत ठेवून पुढच्या कामाला लागायचा. तिचा प्रोग्राम सवडीनं उचलायचा. प्रत्येक निरोपाला त्याच्या प्रकाराचा क्रमांक असे. तिचा प्रोग्राम एक ते पाच क्रमांकाचे तेवढे उचलायचा.

एमिल अडखळत बोलायचा. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच... थांबायचा. तरी दुपारी दोघं एकत्र जेवू लागले. तो आपल्या सँडविचमधली लोणच्याची काकडी न विचारता तिच्या ताटलीत सरकवायचा.

फेब्रुवारीत तिनं सांगितलं, डेन्व्हरच्या कचेरीनं बोलावलंय, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. चांगलं आहे, असं कसंबसं म्हणून तो रुमालाच्या घड्या घालत बसला.

गुरुवारी सकाळी दोघांचे प्रोग्राम चालायचे ते चाचणीचं यंत्र अडलं. रांग गच्च भरली होती. त्याचा प्रोग्राम रांगेत जागा रिकामी होण्याची वाट पाहत होता आणि तिचा, उचलण्याजोगं काहीच नाही म्हणून, स्वस्थ होता. साहेब वैतागले. लोइसनं रांगेतलं सगळं काढून कागदावर छापून घेतलं. निरोप नऊ क्रमांकाचे होते — कुणीच न उचललेले. नोव्हेंबरपासूनचे.

"आज निळा स्वेटर."

"जिन्यात गुणगुणत होती."

"शनिवारी नदीवर येशील का, असं विचारायचं. उद्या."

शेवटच्या निरोपात एकच शब्द होता — "डेन्व्हर."

साहेबांना तिनं एवढंच सांगितलं, की रांग मोकळी झालीय. मग कागद घेऊन ती एमिलच्या टेबलापाशी गेली. तो कानापर्यंत लाल झाला.

"पु-पुसून टाक."

"रांगेतून काढला की निरोप तिथं उरत नाही, एमिल. आता तो फक्त माझ्याकडे आहे. पण मला तोंडानं ऐकायचंय."

त्यानं सुरुवात केली. शेजारच्या टेबलावरचा फोन वाजून वाजून बंद झाला. पहिल्या अक्षरावरून तिला पुढचा शब्द कळत होता — निदान तिला तसं वाटत होतं. तरी तिनं तो त्याच्याआधी उच्चारला नाही.

"जा... जाऊ नकोस असं नाही म्हणणार," तो म्हणाला. "मी... ये-येऊ का?"

खिडकीबाहेर गाड्यांच्या टपांवर बर्फ साचत होतं. लोइसनं खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली.

"ये," ती म्हणाली. "पण आधी रविवारी माझ्या आईकडे जेवायला यायचं. ती खूप प्रश्न विचारते... आणि एकाचंही उत्तर तुझ्या वतीनं मी देणार नाही."