तिसऱ्या पाळीची झोप

बाबल्या दहा महिन्यांचा झाला तरी झोळी हलल्याशिवाय त्याचा डोळा मिटायचा नाही. लोट्याच्या एमआयडीसी नाक्यामागे, चिऱ्याच्या चाळीत, मालनची एकच खोली. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती भाकऱ्या थापायची. पाय थांबला की पोराने भोकाड पसरलंच म्हणून समजा. दिवसाकाठी चार तास झोप धड होत नव्हती. पोर सुकत चाललं होतं, आणि मालन उभ्या उभ्या पेंगायची.

दवाखान्यातल्या यमुनाबाई नर्सनी वजन केलं आणि तिला फैलावरच घेतलं. "पाव किलो उतरलाय. असाच जागत राहिला तर काही अंगी लागणार नाही त्याच्या. झोळी सोड आधी! ठरल्या वेळी अंग पूस, पेज भरव, आणि जागा असतानाच गादीवर ठेव. रडला तरी लगेच उचलू नकोस. आणि कधी झोपला, कधी उठला, ते कॅलेंडरावर लिहीत जा."

तीन संध्याकाळी बाबल्या आत रडला आणि मालन पायरीवर पदराचा बोळा तोंडात धरून बसली. चौथ्या दिवशी, सोमवारी, आठच्या ठोक्याला रडणं एकदम थांबलं. तिने डोकावलं तर पोर गाढ झोपलेलं. उठलं ते सकाळी साडेपाचला, हसत. मालनने देवापुढे साखर ठेवली. आठवडाभर तेच, मिनिटाचा फरक नाही.

पुढच्या सोमवारी मात्र आठ वाजले तरी तो टक्क जागा. रडेना, खेळेना, नुसता दाराकडे बघत पडलेला. झोपला बारा वाजायच्या सुमाराला. तोही आठवडा तसाच गेला. तिसऱ्या आठवड्यात तर रात्र रात्र जागा, आणि सकाळी आठला झोपला की थेट तीनला उठायचा.

"दात येत असतील," नवरा म्हणाला. हरिश्चंद्र एका कारखान्यात टाइमकीपर, कायम आठ ते चार. कामगारांची हजेरी लावण्यात त्याची हयात चालली होती. रविवारी त्याने कॅलेंडर खाली काढलं आणि खो खो हसला.

"हात तुझी! हा पाळीवर जातो गो! बघ. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी."

मग त्याने तारखांवरून बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. हसू गेलं.

"काय झालं?"

"काय नाय. आमच्या कारखान्यातली 'बी' बॅच अशीच फिरते. याच तारखांना." कॅलेंडर त्याने खिळ्याला परत अडकवलं आणि तो विषय काढू दिला नाही.

नवरा सांगेना म्हणून मालन शेजारच्या गोदाकाकूंकडे गेली. ह्या खोलीत आधी कोण राहायचं, एवढंच विचारलं.

"रघू होता. तुझ्या नवऱ्याच्याच कारखान्यात, 'बी' बॅचचा ऑपरेटर," काकू म्हणाल्या. "एकटाच. कुणाशी बोलायचा नाय फारसा. गेल्या साली तिसरी पाळी करून निघाला तो घरी पोचलाच नाय."

"कारखान्यात काही झालं काय?"

"नाय गो! बसवाल्यान नाक्यावर उतरवलान त्याला, साडेसातला. मी नळावर होते. चाळीच्या दाराशी वळताना पाठमोरा बघितलाय मी. झोपेन नुसता डुलत होता. खोलीला कुलूप तसंच. पोलीस येऊन गेले, भाऊ येऊन गेला." काकूंनी सूप हातात घेतलं. "झोपेचा भुकेला होता बिचारा."

मालन घाबरली. पण भीतीच्या वर राग होता. हाडाची काडं करून वाढवलेलं पोर. त्याची झोप दुसऱ्या कुणाच्या वेळेवर का म्हणून? एक सकाळ मोडली की सवय मोडेल, असं तिने मनाशी पक्कं केलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा तिसऱ्या पाळीचा आठवडा आला. मंगळवारी सकाळी हरिश्चंद्र सायकल काढून गेला आणि ती बाबल्याला घेऊन पायरीवर बसली. साडेसातला नाक्यावर कंपनीची बस थांबली, निघाली. पावणेआठला पोराचे डोळे जड झाले. तिने त्याच्या तोंडावर पाण्याचा हात फिरवला, वाटी वाजवली, काऊ दाखवला, गुदगुल्या केल्या.

आठ वाजले. बाबल्या जागा होता.

सव्वाआठ झाले. तो चक्क हसत होता. मालनने त्याचे पटापट मुके घेतले. जिंकलं गो बाई, जिंकलं!

पेज गरम करायला ती आत आली आणि त्याला जमिनीवर सोडलं.

स्टो पेटवून वळली तर तो रांगत गादीपाशी पोचला होता.

गादी दोन माणसांची. रिकामी. बाबल्या कडेला बसला, आणि मधल्या जागेवर तळहाताने हळूहळू थोपटू लागला. एका लयीत.

मालनने त्याला कधी थोपटलं नव्हतं. झोळीच्या पोराला कोण थोपटतं?

"बाबल्या!"

त्याने वळून बघितलं नाही. हात संथ होत गेला. मग त्याने तो अलगद उचलून घेतला, झोपलेलं माणूस जागं होऊ नये म्हणून घेतात तसा.

मालनने मागे हात करून स्टो विझवला.

बाबल्याने जांभई दिली. एवढी ऐसपैस गादी सोडून तो अगदी काठाला आडवा झाला, आणि त्याचे डोळे मिटले.

थोड्या वेळाने त्याने झोपेतच आतल्या बाजूला कूस वळवली. अर्धी वळली, आणि अडली.